सातशे व्होल्ट

मीटर दुरुस्त करणाऱ्या मीटरवाल्यानं डावा हात सवयीनं पाठीमागे नेला आणि उजव्या हातानं बटण सावकाश फिरवलं. घरीच बनवलेल्या पेटीतून आता सातशे व्होल्ट येत होते. टेबलावर व्होल्ट मोजायचे दोन मीटर शेजारी शेजारी जोडलेले होते. एक ओळखीच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेला, खात्रीचा. दुसरा दाजींचा, एका कडेला करपलेला.

खात्रीच्या मीटरनं सातशे दाखवले. दाजींच्या मीटरनंही सातशेच दाखवले.

त्याचा विश्वास बसेना. मोठमोठ्या इमारतींमधल्या बॅटऱ्यांची देखभाल हे दाजींचं काम. ताईही त्यांच्याबरोबर जायची. त्यांचा मीटर बिघडला तेव्हा त्यानंच आतला एक भाग बदलला होता. भिंतीतल्या सॉकेटवर लावून बघितला, आकडा बरोबर आला, देऊन टाकला. सॉकेटमध्ये दोनशे तीस व्होल्ट असतात. त्याहून जास्त व्होल्टवर तपासायला त्याच्याकडे साधनच नव्हतं, आणि दाजींच्या बॅटऱ्या सातशेच्या. पुढच्याच कामावर दाजींचा उजवा हात कोपरापर्यंत जळाला. दवाखान्यात ते एवढंच म्हणाले, "मीटरनं शून्य दाखवलं, म्हणून हात घातला." ताईनं भावाकडे वळून बघितलं. तेव्हापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती.

त्याला अन्न गोड लागेना. निदान आपण नेमकं काय चुकलो ते तरी कळावं, म्हणून त्यानं ही पेटी बनवायला घेतली. भंगारातून जुना ट्रान्सफॉर्मर आणला, डायोड आणि कपॅसिटरची साखळी जोडली, दोनदा जाळली, पुन्हा जोडली. पेटी एकदाची चालली, तर मीटर सातशे दाखवत होता! त्यानं मीटर आपटून बघितला. केस वाळवायच्या यंत्रानं तापवला. फ्रिजमध्ये ठेवला, तेव्हा बायको म्हणाली, "भाजी बाहेर आणि मीटर आत. आता त्याला पांघरूणही घाला." गार, गरम, कसाही लावला तरी सातशे म्हणजे सातशे.

मीटर पिशवीत टाकून तो जवळजवळ पळतच ताईच्या घरी गेला. ताई बाजारात गेली होती. दाजी खिडकीपाशी बसले होते, बँडेजमधला हात उशीवर ठेवून. त्यानं मीटर काढून टेबलावर ठेवला.

"दाजी, मीटर बरोबर आहे! सातशेपर्यंत तपासला. चूक माझी नव्हती!"

दाजींचा चेहरा उतरला. "दार लाव," ते म्हणाले.

त्यानं दार लावलं.

"मी मीटर लावलाच नव्हता," दाजी म्हणाले. "बॅटऱ्यांच्या दोन रांगा होत्या. मी पॅनेलवर होतो, तुझी ताई शेजारच्या खोलीत खटक्यांपाशी. उजव्या रांगेचा खटका बंद कर म्हणालो. तिनं ओरडून सांगितलं, केला. तिचा शब्द म्हटल्यावर मीटर कशाला लावायचा? मला उचलून बाहेर नेलं तेव्हा खटके समोरच होते. बंद होता तो डावीचा."

"ताईला माहीत आहे?"

"नाही. नंतर त्या गडबडीत कुणीतरी सगळेच खटके बंद केले. शुद्धीवर आलो तर ती उशाशी रडत विचारत होती, मीटर लावला होता ना? मी म्हटलं, शून्य दाखवलं. त्या घडीला तू माझ्या डोक्यातच नव्हतास रे. नंतर तुझं तोंड बघवेना, पण शब्द मागे कसा घेऊ?" त्यांनी बँडेजकडे बघितलं. "रोज हे ती सोडते, धुते, बांधते. तिला कळलं तर हाताकडे बघवेल का तिला?"

मीटरवाल्याला राग आला होता, आणि राग नेमका कुणावर काढायचा ते समजत नव्हतं.

दाराची कडी वाजली. दाजींनी मान खिडकीकडे वळवली. त्यानं उठून दार उघडलं. ताईनं दोन्ही हातांतल्या पिशव्या खाली ठेवल्या आणि टेबलावरचा मीटर बघून ती जागीच थांबली.

"तपासलास?" तिनं विचारलं. "काय निघालं?"

नुसतं 'बरोबर आहे' म्हटलं असतं तरी तो सुटला असता. ते शब्द त्याच्या ओठांवर आले होते.

"माझंच चुकलं, ताई," तो म्हणाला. "सातशेला शून्यच दाखवतो."

ताईचे डोळे भरून आले. तिनं जवळ येऊन लहानपणीसारखा त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"कबूल केलंस ना, बस झालं," ती म्हणाली. "जा, मी तुला माफ केलं."