सातव्या गाण्याखाली

गाणं चौथं

चौथं गाणं सुरू झालं तसा योगराजनं चक्कीचा पट्टा उतरवला. गव्हाचे डबे रांगेत ताटकळले होते, पण या गाण्यात ढोल फार हळू येतो आणि चक्कीच्या घरघरीत तो बुडतो.

गाणं संपलं. पिठाळ बोटानं त्यानं यूट्यूबवर त्याच गाण्याखाली लिहिलं : 'ढोल आधी दुरून येते. मंग दारापर्यंत येते. आत येत नाही. म्हणून हे गाणं भारी आहे.'

वर नाव होतं, दक्षिण रसिक.

अन्नपूर्णा, त्याची बायको, घरातून चहा घेऊन आली. "दिवसभर कानात मोबाईलचे बोंडं कोंबून बसता. एखाद दिवशी हात जाईन चक्कीत. ऐकता तरी काय?"

"भजन."

"भजनाले असा पाय हलते होय तुमचा?"

कप वजनकाट्यावर ठेवून ती आत गेली. मुलगा हिमांशू घर सोडून गेल्यापासून एवढं बोलणं म्हणजे पुष्कळच.

गाणं पहिलं

अल्बम त्या हिमांशूचा. कोळ्यांवरच्या कुठल्याशा तमिळ सिनेमाची सात गाणी. भाषेचं एक अक्षर कळत नसताना पोरगं ती दिवसभर वाजवायचं. एका दुपारी भर गिऱ्हाइकांत योगराजनं त्याचा स्पीकर उचलला आणि रस्त्यावर आपटला.

"हा मद्रासी कल्ला ज्याले ऐकाचा, त्यानं मद्रासले जावं!"

हिमांशू गेला. कुठं, ते कोणालाच सांगून गेला नाही. नंबर बंद. नातेवाईक, मित्र, सगळं विचारून झालं. फक्त त्याचा दोस्त लोकेश एवढं म्हणाला, "काका, पत्ता मलेही नाही माहीत. पण त्या गाण्याइच्या खाली तो लिवत राहते. नाव बदलून बदलून. जो विचारते त्याले मी हेच सांगतो."

स्वतःच्या नावानं लिहिलं असतं तर पोरगं तिथूनही पळालं असतं. म्हणून योगराज रसिक झाला. पण खोटा रसिक हिमांशूनं दोन ओळींत ओळखला असता. तेव्हा ऐकणं आलं. सुरुवातीला दात-ओठ खात ऐकलं. मग एके दिवशी, पहिल्या गाण्यात बासरी अधांतरी थांबते तिथं त्याचा श्वासही थांबला, आणि खोटं लिहायची गरज संपली.

गाणं तिसरं

उत्तर आलं ते तिसऱ्या गाण्याखाली. नाव, रातकिडा.

'या बाईचा आवाज इथं फाटल्यावाणी काऊन येते? रडून आली असल, अन् मंग गायले उभी राहिली असल.'

तमिळ गाण्याखाली गोंदियाकडची झाडीबोली. योगराजच्या हातून कुणाची तरी ज्वारी मैद्याइतकी बारीक निघाली. रातकिडा म्हणजे रात्री जागणारा. रात्रपाळी असणार. तिरुपूरच्या कापडाच्या कारखान्यात असेल, इकडची पोरं तिकडंच जातात.

'बरोबर,' दक्षिण रसिकनं लिहिलं. 'तिच्या मागून माणूस गाते पाहा. त्याले उशिरा समजते.'

'समजते तर बोलत काऊन नाही?'

योगराजनं मोबाईल खाली ठेवला. परत उचलला.

'एखाद्याले बोलाची सवय नाही राहत.'

घरात असताना हिमांशूनं त्याला इतकं सरळ कधी विचारलं नव्हतं.

गाणं दुसरं

दुसरं दोघांनाही आवडलं नाही. नुसता टाळ्यांचा गोंधळ. त्यावर दोघांचं एकदम एकमत झालं आणि योगराज रात्री जेवताना उगाच हसला. अन्नपूर्णानं त्याच्याकडं पाहिलं.

गाणं सहावं

'जेवण बराबर भेटते का?' रातकिड्यानं विचारलं. गाण्याशी याचा काही संबंध नव्हता.

'पोट भरते. तुमचं?'

'शिजते. उरते.'

एकटं पोरगं, एकट्याचा स्वयंपाक. योगराजनं शटर अर्धं ओढलं आणि लिहिलं, 'भेटू का? या अल्बमवर बोलाले माणूसच नाही इथं.'

दोन दिवस काही आलं नाही. मग आलं : 'रविवारी दुपारी. आमगाव स्टेशन. गाणं लावून बसू. ओळख पटल.'

'कोणतं?'

'सातवं.'

सातव्याला शब्दच नाहीत. नुसतं व्हायोलिन. आणि तिरुपूरहून यायला तयार, पण गोंदिया टाळलं, कारण तिथं कोणीतरी ओळखलं असतं. पोरगं हुशार.

गाणं सातवं

रविवारी अन्नपूर्णा सकाळीच तयार झाली. बचत गटाच्या बायका चोरखमाऱ्याच्या तलावावर फिरायला चालल्या होत्या.

"मी आमगावले जाऊन राहिलो," योगराज म्हणाला. "चक्कीचा पट्टा आणाले."

एरवी तिनं विचारलं असतं, गोंदियात पट्टे संपले का? आज ती "बरं" म्हणाली आणि चप्पल घालून निघाली.

गाडीवर त्यानं वाक्य घोकलं. चाल घरी. नवा स्पीकर घेऊ. मोठा घेऊ, कुडव्याच्या चौकापर्यंत ऐकू जाईन असा. पण त्याआधी म्हणायचं एक वाक्य होतं आणि ते तो दर खेपेला गाळत होता.

पॅसेंजर नुकतीच गेली होती. प्लॅटफॉर्म रिकामा होता. खिशातला मोबाईल काढून त्यानं गाणं शोधायला घेतलं, तेवढ्यात ते ऐकू आलं. पार टोकाला, कडुलिंबाच्या बुंध्यामागून. सातवं. व्हायोलिन चढत जातं ती जागा.

योगराज पळाला. चेहरा दिसला की जीभ अडेल हे त्याला माहीत होतं, म्हणून बुंध्याच्या अलीकडूनच तो ओरडला, "हिमांशू, माझं चुकलं रे बाबू. चाल घरी."

गाणं थांबलं नाही.

तो बुंधा ओलांडून पुढं गेला. बाकावर, वाजता मोबाईल दोन्ही हातांत धरून, पोराच्या वाटेकडं डोळे लावून अन्नपूर्णा बसली होती.