डोहावरची फुलं

गिरणीमालकीणबाईंनी चित्राला टेकेल इतकं नाक जवळ नेलं. "अगंबाई, किती गोड! पाण्यावर ही पांढरी फुलं कसली हो?"

छायाचित्रकार खाकरला. "रानफुलं, बाईसाहेब. तिकडे असतात." आणि तुपकट हसला. कोपऱ्यात फोटोच्या काचा पुसत बसलेल्या त्याच्या बायकोने मान वर केली.

फुलं कुठली न् काय! त्या दिवशी नदीकाठी पहिली काच बिघडली, तेव्हा या गृहस्थाने चिडून काच धुवायच्या औषधाचं, म्हणजे चक्क विषाचं, अख्खं ताट डोहात उपडं केलं होतं. दुसरी काच तयार होईपर्यंत मासे पोट वर करून तरंगायला लागले. झाडांची सावली काळीभोर, तिच्यावर ती पांढरी पोटं. "हलत नाहीत, छान येतील," म्हणत त्याने तेच टिपलं. मासे धरून पोट भरणारा म्हातारा जाळं घेऊन काठावर नुसता उभा. यांचा कॅमेरा, तंबू, बाटल्या, सगळं त्यानेच तर वाहून आणलं होतं. आता तो बिचारा पुलापलीकडच्या डोहावर जातो म्हणे.

"हे मी जेवणघरात लावणार," बाई म्हणाल्या. "पण एकटं बरं नाही दिसत. जोडी हवी. पुलापलीकडे असाच डोह आहे ना?"

"आहे ना! परवाच जातो."

"तिथंही असतील का ही फुलं?"

"असतील की," तो पापणीही न लववता म्हणाला.

बायकोला त्याची शिसारी आली. ते ताट रोज आपणच भरून देतो, म्हणून स्वतःचीही आली. तिने हातातलं फडकं आपटलं.

"फुलं नाहीत ती, बाई. मेलेले मासे आहेत. यांनी विष ओतून मारलेत. परवा जाऊन पुन्हा तेच करतील, आणि त्या म्हाताऱ्याचा उरलेला डोहही जाईल."

"अगं, तोंड आवर!" नवरा पांढराफटक पडला.

बाईंनी चष्मा चढवला आणि पुन्हा चित्रावर वाकल्या. एकेक ठिपका निरखून पाहिला. वाचला एकदाचा म्हाताऱ्याचा डोह, बायकोला वाटलं.

"मासे होय? दिसतात तर फुलंच," बाई म्हणाल्या. मग छायाचित्रकाराकडे वळल्या. "दुसऱ्यात जरा जास्त येतील ना?"