एका दिवसात एकशे तीस

गावोगावच्या बायकांसाठी मोफत तपासणी शिबिरं घेण्यात कुमुदताई डॉक्टरांची चाळीस वर्षं गेली. मोर्शीकडून आलेल्या पार्बताबाईंचा गर्भाशयाच्या कॅन्सरचा रिपोर्ट वाचून त्या रागावल्याच. "इतकं अंगावर काढलंत? शिबिर तर तुमच्या गावातच व्हायचं!" "आल्ती ना बाई, पयल्याच साली. शाळेत टेबलावर निजवलं. खिडकीले पडदा नोता, बाहेर मान्सं उभे. म्या पाय आखडले तं तुमी वरडल्या, 'लाजता कायले, मागं लाईन हाय.' तशीच उठून घरी गेली. पुन्हा कोन्या डॉक्टरले दाखवलंच नाई." कुमुदताईंना ते शिबिर आठवलं. एका दिवसात एकशे तीस बायका तपासल्या म्हणून पेपरात फोटो आला होता. त्यांच्या अमरावतीच्या दवाखान्यात तेव्हाही दुहेरी पडदे होते. "वाईट नका वाटून घेऊ, घाईत होत्या तुमी," पार्बताबाईंनीच समजावलं. "लय उशीर तं नाई झाला?" कुमुदताईंना रिपोर्टवरून नजर उचलवेना.