पहिला मान

जावयाचा मान हेमकांतला जिवापेक्षा प्यारा. सासरी पहिलं ताट त्याचंच. राखीला बायकोने, रुपाने, ते भावापुढे, भाग्येशपुढे ठेवलं. घरी आल्यावर हेमकांतने तिच्या मनगटावर तापलेलं उलथनं टेकवलं. भाग्येशने चट्टा पाहिला. दोघं एकाच पोलीस पथकात. शहाद्याबाहेरच्या कापसाच्या बंद जिनिंग गिरणीत पिस्तुलवाला दरोडेखोर लपला होता. पथकाचा नियम: पुढच्याने मागे बघायचं नाही, खांद्यावर थाप पडली की शिरायचं, थापवाला पाठोपाठ येतोच. दाराशी हेमकांतने मागे न बघता कुजबुजत खात्री केली, "भाग्या, शे ना मांगे?" "शे ना दाजी! पहिला मान तुम्हना." भाग्येशने थाप मारली. हेमकांत शिरला. भाग्येश उंबऱ्यावर बुटाची नाडी बांधत बसला. दोन गोळ्यांचे आवाज आले, मगच तो आत गेला. तेराव्याला रुपाने पहिलं ताट भाग्येशपुढे ठेवलं. "खाय भाऊ," ती म्हणाली, "आते कोणी रुसाव नही."