टँकरच्या गावातला पाणबुड्या

टेम्पोतून हवेची टाकी उतरवताना आप्पासाहेबांनी विचारलं, "सुमंतराव, याचा फवारा किती लांब जातो?"

"हा फवारणीचा पंप नाही. ही पाठीला बांधून माणूस पाण्याखाली उतरतो."

"पानी कुटंय?"

प्रश्न रास्त होता. पाथर्डीजवळच्या या गावात पाणी आठवड्यातून दोनदा टँकरने यायचं. त्यात बुडी मारायची तर आधी शंभर हंडे बाजूला करावे लागले असते. अशा गावात सुमंतराव पाणबुड्यांच्या जुन्या सामानाचं संग्रहालय काढत होते. जागा आप्पासाहेबांची, एके काळची कांद्याची वखार. चुना दोनदा मारला, वास मात्र जागचा हलला नव्हता.

सामान चार वर्षांत भंगार बाजार पालथे घालून जमवलेलं. टाकीतली हवा तोंडाशी आणणारे दोन जाड नळ्यांचे रेग्युलेटर, शिसं ओवलेले कमरपट्टे, पिवळ्या पडलेल्या काचांचे मुखवटे. बदकाच्या पायासारखी रबरी पावलं तर शेजारच्या म्हातारीने दोनदा मागितली. गोठ्यात शेण काढायला बरी, म्हणाली.

प्रत्येक वस्तूखाली सुमंतरावांनी मोत्यासारख्या अक्षरात चिठ्ठी लावली. फक्त मधल्या रेग्युलेटरखाली काही लिहिलं नाही. त्याच्यावर एक फोटो होता. पंचविशीतला भीमा, उघडा, ओला, हसणारा.

अडतीस वर्षांपूर्वी डोंगराकडच्या एका धरणावर सुमंतराव भांडारपाल होते आणि भीमा पाणबुड्या. दरवाजा अडकला की भीमा खाली जायचा. सामान देण्याआधी ते तपासायचं आणि वहीत 'तपासून दिले' असा शिक्का मारून सही करायची, असा नियम. पद्धत अशी की सोमवारी सकाळी अख्ख्या आठवड्याचे शिक्के मारून ठेवायचे. एका गुरुवारी भीमा गेला तो गेलाच. तिसऱ्या दिवशी सामान सापडलं, माणूस नाही. चौकशीवाल्यांनी वही पाहिली, शिक्का पाहिला आणि सुमंतरावांच्या टापटिपीचं कौतुक केलं.

ते कौतुक त्यांना अजून पचलं नव्हतं. संग्रहालय म्हणजे त्यावरचं औषध. भीमाची बायको छबूबाई हिच्या हातून फोटोला हार घालायचा आणि तिच्यासमोर काय ते सांगून टाकायचं.

जुन्या कारकुनाकडून पत्ता मिळाला. भीमाच्या जागी तिला अनुकंपेवर शिपायाची नोकरी लागली, तेव्हा ती माहेर-सासर सगळं सोडून जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, खर्ड्याला राहायला गेली होती. आता तीही निवृत्त झाली होती. सुमंतराव एसटीने गेले. तिने ओळखलं, चहा दिला, निमंत्रण नीट ऐकून घेतलं.

"यीन की. फीत कापीन. पर हार तेवढा सांगू नका."

"का?"

"न्हाई घालनार म्या."

आत कोणीतरी खोकलं. "दीर हायेत," ती म्हणाली. "त्येंना जास्ती मानसं सोसत न्हाईत."

सुमंतराव उठले. जे सांगायला आले होते ते परत घेऊन घरी आले.

"तिला ठाऊक असणार," ते बायकोला म्हणाले.

दमयंतीबाई लसूण सोलत होत्या. "असेल तर असेल. तुम्ही तोंडाने सांगितलंत का?"

"नाही."

"मग ती तुमच्या तोंडची वाट बघत असेल. अडतीस वर्षं मला सांगून माझे कान किटले. आता योग्य माणसाला सांगा."

उद्घाटनाला छबूबाई सकाळच्याच गाडीने आली. बाहेर आप्पासाहेब माईकवर "हॅलो, हॅलो" करत होते आणि स्वतःच "ओ" देत होते. वखारीत दोघंच होती. ती फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली.

"लई बारीक हुते तवा," ती म्हणाली.

सुमंतरावांनी मधला रेग्युलेटर काढून तिच्या हातात दिला.

"हा त्या दिवशीचा, भांडारातून मी जपून ठेवलेला. मी तो उघडूनही बघितला नव्हता, छबूबाई. शिक्का सोमवारीच मारला होता. आत काय बिघडलं होतं देव जाणे, पण बघणं माझं काम होतं. भीमा माझ्यामुळे गेला."

छबूबाईने रेग्युलेटर उलटासुलटा करून पाहिला. मग सुमंतरावांकडे पाहिलं.

"ह्ये अडतीस वरसं मनात धरून बसलाव तुमी?"

"रोज."

"आन् ही सारी वखार त्याच्यापायी मांडली?"

त्यांनी नुसती मान हलवली. तबकातला हार उचलून त्यांनी दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

"मला हव्या तेवढ्या शिव्या द्या. चारचौघांत द्या. पण भीमाला हार घाला. तेवढ्याने मी सुटेन."

"मशीन चांगलं हुतं, साहेब," छबूबाई हळूच म्हणाली. "त्याला काय बी झालं नव्हतं."

"तुम्ही मनाच्या मोठ्या आहात, म्हणून असं म्हणता." सुमंतरावांचे डोळे भरून आले. "मग हाराला नाही का म्हणता?"

छबूबाईने दाराकडे पाहिलं. आप्पासाहेब अजून स्वतःलाच ओ देत होते. तिने सुमंतरावांच्या हातातला हार काढून घेतला, तबकात परत ठेवला आणि आवाज अगदी खाली आणला.

"जित्या मानसाच्या फोटूला हार घालीत न्हाईत, साहेब. अपशकुन हुतो."