गाडी कोण चालवत होतं?

"गाडी ही चालवत होती," ड्रायव्हिंग स्कूलवाले सर म्हणाले आणि त्यांनी अंगठ्याने मागे उभ्या असलेल्या बायकोकडे खूण केली.

विम्याच्या सर्व्हेअरने मानही वर केली नाही. गाडीचं नाक आत गेलं होतं, रेडिएटर फुटला होता, उजव्या दिव्याच्या जागी नुसतं भोक होतं. त्याने बंपरवर नख घासलं. नखात पिवळा रंग आला.

"कशावर ठोकली?"

"आमच्याच फाटकाच्या खांबावर. काय सांगू तुम्हाला! बावीस वर्षं लोकांना गाडी शिकवतोय, पण माझ्या हातून एक ओरखडा नाही. घरचं माणूस मात्र ऐकेल तर शपथ! बायकांच्या हाती गाडी म्हणजे..." सरांनी कपाळावर हात मारला. गॅरेजमधले दोघे मेकॅनिक फिदीफिदी हसले. दोघेही सरांकडेच शिकलेले.

सर्व्हेअरने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. सीट पार मागे, शेवटच्या खाचेत. सर सहा फुटी आणि बाई जेमतेम त्यांच्या खांद्याला लागणाऱ्या. ही नाटकं त्याने ढिगानं पाहिली होती. कोणी कुत्र्यावर ढकलतं, कोणी उतारावर. बायकोवर ढकलणारे तर पैशाला पासरी. मिशीला पीळ देऊन फिरणार आणि एका खांबाची चूक कबूल करायची तर यांच्या पोटात दुखणार! आणि ही बाई? तोंडात मिठाची गुळणी धरून उभी. असल्या बायकाच असल्या नवऱ्यांना डोक्यावर चढवून ठेवतात, असं म्हणत त्याने मनातल्या मनात दोघांनाही एकाच मापात तोललं.

"बाई, जरा बसून दाखवा."

ती बसली. पाय पेडलपासून चांगले वीतभर अलीकडेच राहिले. मेकॅनिकांचं हसू थांबलं. सर भिंतीला टेकवलेले टायर बघत बसले.

"सर," सर्व्हेअर गोड आवाजात म्हणाला, "पॉलिसी वाचली नसेल ना? तुमच्या पॉलिसीत टक्कर धरलेली आहे. खांबावर आपटा नाहीतर झाडावर, चूक शंभर टक्के तुमची असली तरी कंपनी दुरुस्ती देते. फक्त चालवणाऱ्याचं लायसन्स चालू पाहिजे. बाई, तुमचं द्या."

तिने पर्समधून काढून दिलं. मुदत संपून तीन वर्षं झाली होती.

"नवं का नाही करून घेतलं?"

"हे म्हणाले, तुला कुठं चालवायचीय."

"मग क्लेम बसत नाही. सगळी दुरुस्ती तुमच्या खिशातून, सर."

 सरांनी एकदा फुटलेल्या रेडिएटरकडे पाहिलं, एकदा मेकॅनिकांकडे. मग घसा खाकरला.

"म्हणजे... तसं बघायला गेलं तर गाडी मीच चालवत होतो. फोन वाजला, म्हणून जरा खाली वाकलो आणि..."

एका मेकॅनिकने घाईघाईने बॉनेटमध्ये तोंड खुपसलं. त्याचे खांदे हलत होते.

सर्व्हेअरला किळस आली. खोटं बोलताना हा माणूस निदान ताठ उभा होता. खरं बोलायला लागला तर पाठीचा कणाच गेला. पण खरं ते खरं. सीट साक्षीला होती आणि त्याचं काम लिहायचं होतं. त्याने जबाबाचा कागद पुढे केला.

"बाई, हे म्हणतात ते खरं ना? तुम्ही हो म्हणा, मी आधीचं खोडतो आणि दोघांची सही घेतो. गाडी दुरुस्त होईल."

"हो म्हण की," सर हळूच म्हणाले.

ती अजून सीटवरच होती. तिने स्टिअरिंगवर दोन्ही हात नीट ठेवले, शिकवताना ठेवायला सांगतात तसे.

"छे हो," ती म्हणाली. "मीच चालवत होते. यांच्या हातून ओरखडा तरी येईल का?"

"अगं, पाय तरी पोचतात का तुझे?" सर ओरडले.

"म्हणून तर ठोकली," ती म्हणाली. "लिहा, साहेब."