खऱ्यासारखं कुंपण

खऱ्या कलावंताला कुंपण मान्य नसतं, असं एक रिटायर्ड ड्राफ्ट्समन चारचौघांत सांगायचे. घरी मात्र दोन महिने ते खेळातल्या रेल्वेला कुंपणच घालत होते. मच्छरदाणीची जाळी तिरकी कापून त्यांनी तारेच्या खांबांना चिकटवली, रुपेरी रंगवली. मॉडेलांच्या प्रदर्शनातल्या पहिल्या बक्षिसावर त्यांचा डोळा होता.

प्रदर्शनाच्या आदल्या सकाळी बायको वाकून बघत म्हणाली, "शी! अहो, जाळीत नखं अडकलीत."

खसखशीएवढी, पिवळट, मुळाशी ओली. चिमट्याने ओढलं की आधी ताणली जायची, मग सुटायची. हाताला लागलेला वास साबणानेही जाईना.

"तुमचीच असतील."

"माझी एवढी असतात का?"

त्यांनी एकूण एक नख काढलं.

दुसऱ्या दिवशी पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांचा शेरा होता, 'नखं विशेष आवडली.'